मीठ कमी म्हणजे किती ओ? हृदयाच्या आणि लिव्हरच्या रुग्णांवर नर्स काय संशोधन करते

बेळगावच्या मराठी वर्तमानपत्रांत अधूनमधून चार ओळींची एक बातमी येते. नर्सिंग कॉलेजातल्या अमुक मॅडमना पीएच.डी. मिळाली, हृदयरुग्णांवरचा किंवा यकृताच्या रुग्णांवरचा त्यांचा निबंध छापून आला. शेजारी शाल-पुष्पगुच्छाचा फोटो. निबंधात काय होतं, ते मात्र बातमीत नसतं. मग गल्लीत चर्चा होते ती अशी: "औषध डॉक्टर लिहितो, ऑपरेशन डॉक्टर करतो. नर्सनं संशोधन करायचं ते कशावर?"

मलाही पूर्वी याचं उत्तर देता आलं नसतं. ते मिळालं मामाच्या आजारपणात.

मामा खानापूर तालुक्यातला. दम लागायला लागला, पाय सुजले, दवाखान्यात नेलं तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून सांगितलं, "पंपिंग तीस टक्के." आठ दिवसांनी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. तोंडी सांगितलं ते कन्नडमध्ये. मामीला कळलं एवढंच, की मीठ बंद. तिनं त्या दिवसापासून आमटीत मिठाचा कण घातला नाही. पण आळणी जेवण घशाखाली उतरेना म्हणून मामाच्या ताटात रोज लोणच्याची फोड आणि भाजलेला पापड वाढत राहिली. तिच्या लेखी मीठ म्हणजे डब्यातलं मीठ. तिसऱ्या आठवड्यात मामा पुन्हा सुजला आणि पुन्हा भरती झाला.

औषध बरोबर होतं आणि मामीच्या कष्टात काही उणं नव्हतं. घोटाळा झाला तो दवाखान्याचं दार आणि स्वयंपाकघराचा उंबरा यांच्या मधल्या वाटेवर. नर्सिंगचं संशोधन जास्त करून याच वाटेवरचं असतं.

## आधी दोन शब्द समजून घेऊ

लोक ज्याला "पंपिंग" म्हणतात, ते म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं. निरोगी माणसातही ते शंभर टक्के नसतं, साधारण ५० ते ७० असतं. म्हणून "तीस टक्के" ऐकून सत्तर टक्के हृदय मेलं असं समजू नये. हृदयाचा जोर कमी पडून शरीराची गरज भागेनाशी होते, त्या अवस्थेला हार्ट फेल्युअर म्हणतात. नाव भयंकर आहे, पण हृदय बंद पडणं असा त्याचा अर्थ नाही.

दुसरा शब्द सिरॉसिस. यकृताला वर्षानुवर्षं इजा होत राहिली, की जखमेवर वण धरतो तसे आतून वण धरतात आणि मऊ यकृत कडक, गाठाळ होतं. कारण दारूच असतं असं नाही. हिपॅटायटिस बी आणि सी आहेत, मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर येणारं चरबीचं यकृत आहे. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या बायकांनाही लिव्हरचा आजार म्हटल्यावर लोकांच्या नजरा सोसाव्या लागतात आणि त्या तपासणीच लांबवतात.

## हृदय छातीत, यकृत पोटात. मग एकाच संशोधनात दोन्ही कसे?

दोघांच्या अंगावर पाणी चढतं. आणि चढवणारी तिसरीच असते: किडनी.

आपल्याकडं नळाला पाणी बारीक आलं की आपण काय करतो? राकसकोप तलाव भरलाय की आटलाय, हे बघायला कुणी जात नाही. आपल्या नळाची धार बारीक दिसली, की बॅरल, कळश्या, पातेली, मिळेल ते भरून ठेवतो. किडनी तेच करते. हृदयाचा जोर कमी झाला की किडनीपर्यंत रक्ताची धार बारीक पोचते. ती समजते, शरीरात पाणी संपत आलं. मग लघवीवाटे जाणारं मीठ आणि पाणी ती अडवून धरते. तलाव तर भरलेलाच असतो, त्यात आणखी भर पडते. पाय सुजतात, फुप्फुसात पाणी साठतं, रात्री आडवं पडलं की दम लागतो.

सिरॉसिसमध्ये वाट वेगळी, पण फसगत तीच. कडक यकृतातून रक्त सहज पुढं सरकत नाही, पोटातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त तिथंच रेंगाळतं. किडनीच्या नळाला पुन्हा बारीक धार. ती पुन्हा साठवायला लागते आणि पाणी पोटात उतरतं. आपली जुनी माणसं याला जलोदर म्हणत, हल्ली "पोटात पाणी झालंय" म्हणतात. शिवाय हृदय फार थकलं की रक्त मागं तुंबून यकृतही सुजतं. म्हणजे दोघांचं जाणंयेणंही आहे.

म्हणून दोन्ही वॉर्डांत "लघवीची गोळी" दिसते, आणि स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी तर दोन्ही आजारांत चालते. किडनीला "साठव" असं सांगणारा जो हॉर्मोन आहे, त्याचा आवाज ती दाबते.

डॉक्टर अवयवापासून विचार करत येतो. नर्स रुग्णाच्या दिवसापासून विचार करते: सकाळी उठल्यावर तो काय करतो, गोळ्या कोण देतं, ताटात काय पडतं. त्या बाजूनं पाहिलं तर या दोन रुग्णांचा दिवस बराच सारखा असतो.

## मीठ कमी म्हणजे किती?

सलाइनच्या एक लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं. रक्ताचा खारटपणा साधारण त्याच मापाचा म्हणून ते तसं बनवतात. हाच हिशेब उलटा मांडा. शरीरात ९ ग्रॅम मीठ जादा अडकलं, तर ते आपल्या सोबतीला सुमारे एक लिटर पाणी धरून ठेवणार. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन.

एक सपाट चहाचा चमचा मीठ म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. पोटात पाणी झालेल्या सिरॉसिसच्या रुग्णालासुद्धा बहुतेक मार्गदर्शक सूचना पूर्ण मीठबंदी करत नाहीत. दिवसभराचं सगळं मिळून ५ ते साडेसहा ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणतात, कारण आळणी जेवण गेलं नाही तर माणूस उपाशी राहतो आणि त्याचं नुकसान मिठापेक्षा मोठं होतं.

पण "सगळं मिळून" हे दोन शब्द मामीला कुणी सांगितलेच नव्हते. लोणचं, पापड, सांडगे, सुकं मासळीचं तोंडीलावणं, बेकरीची खारी, फरसाण, सगळं त्या एका चमच्यात मोजायचं. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियमच. आंबट ढेकरांसाठी पाण्यात टाकून पितात त्या फसफसणाऱ्या पुडीतही सोडियमच.

"सैंधव चालतं ना?" हा हमखास प्रश्न. सैंधवही मुख्यतः तेच मीठ आहे, रंग वेगळा. आणि दुकानात "कमी सोडियमचं" म्हणून मिळतं त्यात बऱ्याचदा पोटॅशियम घातलेलं असतं. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यानं ते डॉक्टरांना न विचारता अजिबात वापरू नये. ही गोळी शरीरात पोटॅशियम राखून ठेवते, त्यावर आणखी पोटॅशियम पडलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

आता वजनकाट्याकडं या. सूज डोळ्यांना दिसण्याच्या आधी पाणी काट्यावर दिसतं. म्हणून हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायला सांगतात. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं, तर दम लागायची वाट न बघता दवाखान्यात कळवायचं. एवढ्या अवधीत दोन किलो मांस चढत नाही, ते पाणीच असतं. लिव्हरच्या रुग्णाला मात्र दोन्हीकडं बघावं लागतं. लघवीच्या गोळीनं पोट उतरायला लागलं की घरात आनंद होतो, पण पायांवर सूज नसलेल्या रुग्णाचं वजन दिवसाला अर्ध्या किलोहून जास्त घटत असेल, तर ते फार वेगानं आहे आणि किडनीला झेपणार नाही.

दोघांनाही लागू असलेली एक गोष्ट सांगून पुढं जाते. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या सूज-वेदनेच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन वगैरे. त्या किडनीला मीठ-पाणी अडवायला लावतात. एका बाजूनं लघवीची गोळी आणि दुसऱ्या बाजूनं ही, म्हणजे बादली उपसायची आणि नळही सोडायचा.

## दम, ओझं, खाज: हे मोजायचं कसं?

संशोधन म्हटलं की मोजमाप आलं. रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, यंत्र मोजतं. "आता जरा बरं वाटतंय" हे कशानं मोजणार? त्यासाठी तपासून-पारखून घेतलेल्या प्रश्नावल्या असतात. हार्ट फेल्युअरसाठी मिनेसोटा नावाची २१ प्रश्नांची एक आहे, तिचे गुण ० ते १०५ असतात, जितके जास्त तितके हाल जास्त. तिच्यात दमाबरोबर उपचाराच्या खर्चाचं विचारतात, आपण घरच्यांवर ओझं झालो असं वाटतं का, हेही विचारतात. यकृताच्या आजारासाठी २९ प्रश्नांची वेगळी आहे. तिच्यात खाज, पायात गोळे येणं, दिवसा येणारी झोप, घरच्यांची काळजी असं सगळं येतं.

आपल्या भागात खरी कसोटी इथं लागते. रुग्ण घरात मराठी बोलतो, वॉर्डमधली सिस्टर कन्नड किंवा मल्याळम घरातून आलेली, फाइल इंग्रजीत. प्रश्नावली मराठीत आणायची तर सरळ भाषांतर करून चालत नाही. एकानं मराठी करायचं, दुसऱ्यानं मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यायचं, दोन्ही ताडून बघायचं, मग खऱ्या रुग्णांना विचारून कुठं अडतं ते पाहायचं. मूळ प्रश्न जिना चढण्याचा असेल आणि समोरची बाई कौलारू बैठ्या घरात राहत असेल, तर ती "त्रास नाही" म्हणणार, कारण ती जिना चढतच नाही. तिला विहिरीवरून घागर आणताना किती वेळा टेकावं लागतं, हे विचारायला हवं. आणि तसं बदलल्यावर जुन्या आणि नव्या प्रश्नाचं माप सारखं उरलं का, हे पुन्हा तपासायला हवं. हे किचकट, बिनकौतुकाचं काम आहे. पीएच.डी.च्या बातमीत ते कधी येत नाही, पण सीमाभागाला याची गरज सगळ्यांत जास्त आहे असं मला मनापासून वाटतं.

## नुसतं समजावून फरक पडतो, हे कशावरून?

१९९५ साली अमेरिकेत सेंट लुईस इथल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. सत्तरी ओलांडलेले हार्ट फेल्युअरचे २८२ रुग्ण घेतले. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले. १४० जणांना नेहमीचे उपचार. १४२ जणांना तेच उपचार, आणि वर नर्सच्या पुढाकारानं शिकवणी, जेवणाचा सल्ला, गोळ्यांची फेरतपासणी, घरी गेल्यावर फोन आणि भेटी. चिठ्ठी का टाकायची? नाहीतर समजूतदार, पैसेवाले रुग्ण एका गटात जमा होतील आणि श्रेय शिकवणीला मिळेल.

नव्वद दिवसांत हार्ट फेल्युअरमुळं पुन्हा भरती होण्याच्या वेळा नेहमीच्या गटात ५४, नर्सच्या गटात २४. माणशी खर्चही ४६० डॉलरनी कमी आला.

मात्र त्याच अभ्यासाचा मुख्य प्रश्न होता: नव्वद दिवस भरती न होता जगले किती? १४२ पैकी ९१ आणि १४० पैकी ७५. फरक दिसतो, पण एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो, असं गणित सांगत होतं. संशोधनात "लक्षणीय" हा शब्द याच अर्थानं येतो. फरक मोठा आहे असं त्यातून कळत नाही, निव्वळ योगायोगानं एवढा फरक क्वचितच पडला असता एवढंच कळतं.

२००८ साली नेदरलँड्समधल्या नर्स-संशोधक टिनी यार्स्मा आणि सहकाऱ्यांचा याहून मोठा अभ्यास छापून आला. १०२३ रुग्ण, १८ महिने. एका गटाला फक्त हृदयतज्ज्ञ, दुसऱ्याला नर्सचा थोडा आधार, तिसऱ्याला भरपूर. मृत्यू आणि पुन्हा भरती यांच्या एकत्रित आकड्यात लक्षणीय फरक निघाला नाही. त्यांनी तो निकाल जसाच्या तसा छापला. एक स्पष्टीकरण असं, की तिथं नर्स नसलेल्या गटालाही हृदयतज्ज्ञ वारंवार भेटतच होते. ज्यांच्याकडं भाकरी आहे, त्यांना चतकोर जास्त देऊन फरक कितीसा दिसणार? खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या रुग्णाचं गणित वेगळं येईल असं मला वाटतं. पण मला वाटणं हा पुरावा नव्हे, ते इथंच मोजायला हवं.

## लिव्हरच्या माणसाला उपाशी ठेवतात, ते पथ्य नव्हे

आपल्याकडं कावीळ म्हटली की तेल बंद, डाळ बंद, अंडं बंद, नुसता मऊ भात आणि उसाचा रस. साध्या काविळीत माणूस काही दिवसांत सावरतो, म्हणून हे खपून जातं. सिरॉसिसमध्ये हेच पथ्य माणसाला झिजवतं.

खाल्लेल्या अन्नातली साखर यकृत कणगीसारखी साठवून ठेवतं आणि रात्रभर थोडी थोडी सोडतं. सिरॉसिसमध्ये कणगीच आटलेली असते. त्यामुळं निरोगी माणसाच्या शरीराची दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर जी अवस्था होते, ती या रुग्णाची एका रात्रीत होते. शरीर मग स्वतःचेच स्नायू मोडून खायला लागतं. संध्याकाळी साडेसातला जेवून सकाळी नऊला नाष्टा म्हणजे साडेतेरा तास झाले. म्हणून झोपण्याआधी काहीतरी खायला सांगतात. दूध-भाकरी चालेल, वाटीभर उपमा चालेल. देवीचा मंगळवार-शुक्रवार धरणाऱ्या रुग्णाला हे समजावणं अवघड असतं आणि ते वॉर्डच्या गडबडीत दोन मिनिटांत होत नाही.

प्रथिनंही कमी करायची नाहीत. दिवसाला दर किलो वजनामागं १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. डाळ, उसळ, दूध, दही, पनीर, चालत असेल तर अंडं. रुग्णाला भ्रम होऊ नये म्हणून प्रथिनं तोडायची, हा जुना सल्ला आता मागं पडला आहे.

भ्रमाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तो घरच्यांना आधी दिसतो. यकृतानं गाळायची घाण मेंदूत पोचली की माणूस दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो. शर्टाचं बटण लागत नाही, सही वाकडी येते, हात पुढं केले तर पंजे पंखासारखे फडफडतात. घरात कुणी म्हणतं वय झालं, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. हे यकृताचं लक्षण आहे आणि त्यावर लॅक्टुलोज नावाचं गोड पातळ औषध आहे. रोज दोन-तीन वेळा मऊ शौचाला होईल इतपत ते घ्यायचं असतं.

रुग्ण नेमकं हेच औषध सोडतात. एस.टी.नं तीन तास प्रवास करायचाय, लग्नाला जायचंय, वाटेत सोय नाही. लाज वाटते आणि ते डॉक्टरांना सांगवत नाही. औषध का सोडलं, कुणी आठवण केली असती तर टिकलं असतं का, सकाळचा डोस प्रवासानंतर घेतला तर चालेल का, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाहीत. ते कुणीतरी शेजारी बसून विचारावे लागतात, शंभर जणांना एकाच पद्धतीनं, आणि लिहून ठेवावे लागतात. सोडलेला डोस दुप्पट करून भरून काढणं हीदेखील चूक आहे. जुलाब होऊन शरीर सुकलं तर भ्रम उलट वाढतो.

## "हे सगळं परदेशातलं. आपल्याकडं काय?"

आपल्याकडं, याच बेळगाव जिल्ह्यात, जगानं दखल घेतलेला अभ्यास झाला आहे. २००२ ते २००५ या काळात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर ग्रामीण भागातल्या १६२० बाळंतिणींवर तो केला. बाळंतपणानंतर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर अतिरक्तस्राव कमी होतो का, हा प्रश्न. गोळ्या दिल्या आणि वाहिलेलं रक्त मोजलं, ते गावोगावच्या नर्सताईंनी. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली ते 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. विषय हृदयाचा किंवा यकृताचा नव्हता, पण इथल्या नर्सनी मोजलेला आकडा जगाला पटतो, हे त्यातून सिद्ध झालं.

दुसरी बाजूही सांगते. आपल्याकडच्या नर्सिंगच्या पुष्कळ प्रबंधांचा साचा एकच असतो. साठेक रुग्ण घ्यायचे, प्रश्नपत्रिका द्यायची, आखीव शिकवणी द्यायची, आठवड्यानं तीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्यायची. गुण वाढतात. वाढणारच, उत्तरं नुकतीच सांगितलेली असतात. पण गुण वाढले म्हणून ताटातलं लोणचं गेलं का? तीन महिन्यांनी वजन किती होतं, पुन्हा भरती किती झाले? असा निबंध हाती आला तर तुलनेला दुसरा गट होता का, आणि रुग्ण घरी गेल्यावर किती दिवस माग ठेवला, एवढं बघा. ज्यांनी हे केलंय त्यांचं कौतुक करताना आपण हात आखडता घेऊ नये.

"पण हे सांगायला डॉक्टर आहेत की!" आहेत. पण वॉर्डमध्ये चोवीस तास रुग्णाजवळ नर्सच असते, आणि तिच्याकडं किती रुग्ण आहेत यानं जीव वाचण्या-जाण्यात फरक पडतो. लिंडा एकन या नर्स-संशोधिकेनं २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या अभ्यासातून दाखवलं, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत प्रत्येक नर्समागं एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. हा प्रश्नही नर्सच्याच मनात आला होता.

मामाच्या दुसऱ्या भरतीच्या वेळी वॉर्डात एक सिस्टर होती. तिला मराठी मोडकंतोडकंच येत होतं. मामीनं विचारलं, "मीठ कमी म्हणजे किती ओ, आक्का?" तिनं चहाचा चमचा मागवला, त्यात मीठ भरून वरून बोटानं सपाट केलं आणि कागदाच्या पुडीत बांधून मामीच्या हातात दिलं. "एक दिवस. एवढंच. लोणचं घातलं, तर यातलं काढायचं." मग कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत वजन लिहायला सांगितलं.

मामीनं ते चालू ठेवलं. मार्गशीर्षात गावातल्या एका लग्नाहून आल्यावर चौकटींत ५८, ५९, ६०.५ असे आकडे पडले. मामाला दम नव्हता, पाय साफ होते, तो म्हणाला काही झालेलं नाही. मामीनं तरी फोन लावला. डॉक्टरांनी लघवीची गोळी चार दिवसांसाठी वाढवून दिली आणि पाचव्या दिवशी त्या चौकटीत पुन्हा ५८ लिहिलेलं आहे.